‘घरी न्या, सेवा करा’ : अखेरच्या दिवसांतली सेवा चांगली की नाही, हे ठरवण्यामागचा इतिहास

डॉक्टर फाइल मिटतात आणि म्हणतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सोलापुरात हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणं अवघड आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून आलेले नातेवाईक मान डोलावतात, गाडी ठरवतात आणि पेशंटला घेऊन निघतात. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तोंडातली जखम वाहते तिचं काय, रात्री कळ आली तर कुणाला फोन करायचा, हे घरी पोहोचल्यावर सुचायला लागतं.

आता ही सेवा पुरवणाऱ्यांच्या पाट्या शहरात दिसतात. कुणी घरी परिचारिका पाठवतं, कुणी खाटा ठेवून पेशंट सांभाळतं. त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात, ‘कुठलं चांगलंय?’ आणि उत्तर बहुतेक एकच येतं : ‘माणसं चांगली आहेत, स्वच्छता आहे.’ हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. ते अर्धं का, हे समजायला जरा मागं जावं लागतं.

अखेरच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळणाऱ्या जागेला ‘हॉस्पिस’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला. पाहुणा आणि त्याला ठेवून घेणारा यजमान या दोघांसाठी तिथं एकच शब्द होता. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंनी रस्त्यात टेकायची जागा म्हणजे हॉस्पिस. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. गाडगे महाराजांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या त्या दमलेल्या, पैसा नसलेल्या वारकऱ्यासाठी. त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा हॉस्पिटलच्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. मुंबईला उपचाराला गेलेल्या आपल्याकडच्या कित्येकांनी तिथं दिवस काढले आहेत.

मरणाऱ्या माणसासाठी खास जागा असावी हा विचार एकोणिसाव्या शतकात पुढं आला. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जान गार्निए या बाईंनी १८४२ मध्ये असं काम सुरू केलं. १८७९ मध्ये डब्लिनला आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात ख्रिस्ती भगिनींनी असे आश्रम उघडले. अंथरूण कोरडं, अंग पुसलेलं, शेजारी प्रार्थना म्हणणारं माणूस. सेवेची कसोटी एकच होती, माया. ‘माणसं चांगली आहेत’ हे आपलं उत्तर याच काळातलं आहे.

कसोटी बदलली ती सिसिली साँडर्स यांच्यामुळे. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९५८ पासून त्यांनी हॅकनीच्या त्याच आश्रमात काम केलं. तोवरची पद्धत अशी की पेशंट कळवळायला लागला की औषध द्यायचं. म्हणजे प्रत्येक मात्रा त्याला दुखणं सोसून मिळवावी लागायची. साँडर्स यांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक, तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी द्यायला सुरुवात केली. आधीच्या मात्रेचा असर उतरण्यापूर्वी पुढची मात्रा पोटात जायची. त्या प्रत्येक पेशंटची बारकाईनं नोंद ठेवत, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत. अशा पेशंटना मॉर्फिनचं व्यसन लागतं, मात्रा वाढवतच न्यावी लागते, ही भीती निराधार आहे हे त्यांना त्या नोंदींतूनच दाखवता आलं. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं आणि तिथं सेवेच्या जोडीला शिक्षण आणि संशोधनही ठेवलं.

त्यांचा दुसरा विचार होता ‘समग्र वेदने’चा. दुखणं शरीरात असतं, तसंच मनात, घरात आणि श्रद्धेतही असतं. माझ्या मावशीला तोंडाचा कॅन्सर होता. कित्येक वर्षांची मिश्री. तिच्या कण्हण्यात जबड्याची कळ होती आणि धाकट्या मुलीचं लग्न राहिलंय ही बोचणीही होती. मुलीला शेजारी बसवून कुणी शांतपणे बोललं, त्या रात्री तिला जास्त झोप लागली. गोळी तीच होती, मात्राही तीच.

भारतात या गोष्टी पोहोचल्या त्याच सुमारास त्यांच्या वाटेत एक भिंतही उभी राहिली. टाटा हॉस्पिटलचे शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना ही संस्था सुरू केली. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली : साध्या गोळीपासून सुरुवात, गरज पडली तर वर चढत मॉर्फिनपर्यंत, औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे. पण आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला होता. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि एका खेपेसाठी एकाच वेळी वैध असावे लागणारे चार-पाच परवाने. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, इथला माल परदेशी जातो. आणि इथला पेशंट ओठ चावत रात्र काढत होता. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फिनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडल्या. आजही एखादे डॉक्टर मॉर्फिनचं नाव काढताच बिचकतात, त्याचं मूळ इथं आहे.

कायदा सुधारला २०१४ मध्ये, नियम आले २०१५ मध्ये. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि सगळे परवाने जाऊन राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता उरली. अशी मान्यता मिळालेल्या ठिकाणाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणतात. कुठल्याही सेवेची पारख करताना माझ्या मते पहिला प्रश्न हाच असावा : तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? नसतील तर कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेशी तुमचं बांधलेलं काम आहे? आणि साठा संपतो तेव्हा काय करता?

हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. मावशीला आधी ठेवलं ती जागा देखणी होती. पांढऱ्या चादरी, कुंड्या, दारात सिद्धरामेश्वरांचा फोटो, गोड बोलणाऱ्या मुली. तिसऱ्या रात्री कळ असह्य झाली. ‘सकाळी डॉक्टर येतील’ असं म्हणत साध्या वेदनाशामक इंजेक्शनावर तिला पहाटेपर्यंत ठेवलं. ‘लई ठणकायलंय गं,’ ती म्हणत होती आणि ती मुलगी तिचा हात धरून रडत होती. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. कपाटात औषध नव्हतं आणि रात्री बोलवायला डॉक्टर नव्हता.

केरळनं दुसरी बाजू शिकवली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काम सुरू केलं. खाटा वाढवण्याऐवजी त्यांनी गल्लीतले स्वयंसेवक शिकवून तयार केले आणि घरोघरी परिचारिका पाठवल्या. २००८ मध्ये त्या राज्यानं यासाठी स्वतंत्र धोरण केलं. आपल्याकडे पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. तिथं कुटुंबालाही सांभाळायचं कसं हे शिकवतात. या सेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आला, टाटामध्ये या विषयातलं एमडी शिक्षणही त्याच वर्षी सुरू झालं. तरी गावपातळीवर अजून फार काही व्हायचं आहे.

दर्जा मोजायचा कसा, या विचाराचा पाया १९६६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी घातला. साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि पेशंटला फरक काय पडला, अशा तीन बाजूंनी बघा, असं त्यांचं म्हणणं. पाटी, चादरी, खाटा ही पहिली बाजू. आपण बहुतेक तिथंच थांबतो. आपले कायदेही तिथंच जास्त बघतात : १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या जागेची नोंदणी पाहतो, रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन ऐच्छिक आहे. कळ किती कमी झाली, हे घरच्यांनाच पाहावं लागतं.

मोजण्याचाही अतिरेक होतो, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या हॉस्पिसमधली चांगली पद्धत साध्या रुग्णालयांत नेण्यासाठी एक आराखडा तयार झाला. ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ त्याचं नाव. मरणाऱ्याची काय काय काळजी घ्यायची याची तपशीलवार यादी. हेतू उत्तम होता. पण तो देशभर पसरला, त्याच्या वापरावर रुग्णालयांना पैसे मिळू लागले आणि पुढं त्याचे रकाने भरणं हेच काम झालं. काही ठिकाणी पेशंट पाणी मागत असताना ते नाकारलं गेलं, घरच्यांना न सांगता माणूस ‘पाथवे’वर टाकला गेला. तक्रारी वाढल्या. बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीनं २०१३ मध्ये चौकशी करून तो बंद करायला सांगितलं. म्हणून एखादं केंद्र छापील फॉर्मांची फाइल पुढं करतं तेव्हा मी फाइल जाड आहे का ते बघत नाही. काल वेदना दहापैकी आठ होती अशी नोंद असेल, तर त्यानंतर तासाभरात काय केलं आणि पुन्हा कधी विचारलं, ते शोधते.

अमेरिकेनं वेगळा मार्ग धरला. तिथं १९८३ पासून सरकारी विम्यातून हॉस्पिसचा खर्च मिळतो, त्यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही मोठ्या संख्येनं आल्या. २०१५ पासून माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी घरच्यांकडे प्रश्नावली जाते. रात्री-सुट्टीच्या दिवशी मदत वेळेवर मिळाली का, दुखणं आवरलं का, औषध कसं द्यायचं हे तुम्हाला शिकवलं का, आदरानं वागवलं का. सगळं झाल्यावर मागे राहिलेल्यालाच विचारायचं, ही कल्पना मला पटते. आपल्याकडे तेराव्यानंतर येऊन बसणारी माणसं असतातच. ज्यांच्या घरी ते केंद्र वर्षभरापूर्वी येत होतं, अशा दोन घरी जाऊन हेच विचारावं.

सोलापूरपुरती आणखी एक कसोटी मी लावते, भाषेची. पूर्व भागातली विडी वळणारी आजी दुखण्याला ‘नोप्पी’ म्हणते, अक्कलकोटकडचा शेतकरी ‘नोवु’, शेजारची खाला ‘दर्द’. आणि मराठीत तरी एकच शब्द कुठं आहे? ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. ‘आग होते, मुंग्या येतात’ असं पेशंट म्हणतो तेव्हा नस दुखावलेली असू शकते आणि तिथं नुसतं मॉर्फिन पुरत नाही, औषध वेगळं लागतं. तेलुगूत तीच आग ‘मंट’, कन्नडमध्ये ‘उरि’. जी परिचारिका हे शब्द ओळखत नाही, तिनं भरलेला दहापैकी आकडा अर्थहीन आहे. मावशीला एक ते दहा कधीच जमलं नाही. ‘बारा आणे कमी झालंय’ असं ती म्हणायची आणि घरी येणाऱ्या सिस्टरनं तसंच लिहून घेतलं.

गावोगाव जाऊन नोंद घेणं या जिल्ह्याला नवीन नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शीच्याच नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या अभ्यासानं २००९ मध्ये दाखवलं, की बाईची एचपीव्ही या विषाणूसाठीची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. कॅन्सर किती जणांना झाला, किती गेले, हे नोंदणी सांगते. ते कसे गेले हे घरच्यांच्या वहीत असतं.

मावशीला आम्ही चौथ्या दिवशी घरी आणलं. दुसऱ्या ठिकाणची एक सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का ते पाहिलं, कारण मॉर्फिननं पोट हमखास बांधलं जातं. ते औषध नसलेली चिठ्ठी म्हणजे कच्चं काम. मग मेट्रोनिडाझोल या जंतुनाशकाची गोळी कुटून जखमेवर कशी टाकायची ते तिनं बहिणीला दाखवलं. दोन दिवसांत वास गेला आणि नातवंडं पुन्हा खोलीत येऊ लागली. तिनं एक दोनशेपानी वही आणायला लावली आणि रकाने आखले : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दहाची मात्रा डॉक्टरांनी दुप्पट लिहिली होती, मध्यरात्री उठवायला लागू नये म्हणून. तरी सिस्टरनं रात्री दोनचाही रकाना ठेवला आणि त्यावर स्वतःचा नंबर लिहिला.

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या दोन रात्री त्या रकान्यात ‘फोन केला, उचलला’ असं आहे. त्यानंतरच्या अकरा रात्री, बहिणीच्या अक्षरात, एकच शब्द : झोपलीय.