दोर नाही, प्रायोजक आहे: उंच इमारतींवरच्या चढाईची पार्श्वभूमी

२५ जानेवारी २०२६, रविवार. आपल्याकडे सकाळी साडेसहाचा सुमार, तैवानमध्ये नऊचा. अमेरिकी प्रस्तरारोहक ॲलेक्स हॉनोल्ड ५०८ मीटर उंचीच्या तैपेई १०१ या इमारतीला भिडला आणि साधारण दीड तासात थेट टोकावर जाऊन उभा राहिला. अंगात लाल टी-शर्ट, कमरेला बोटं घसरू नयेत म्हणून लावायच्या चॉकच्या भुकटीची पिशवी, पायांत चढाईचे बूट. दोर नाही, दोर अडकवायचा कमरपट्टा म्हणजे हार्नेसही नाही. चढाई खरं तर आदल्या दिवशी व्हायची होती, पण पावसामुळे पुढे ढकलली. नेटफ्लिक्सनं ती जगभर ‘थेट’ दाखवली, म्हणजे दहा सेकंद उशिरानं. ते दहा सेकंद कशासाठी राखून ठेवले होते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

‘हल्लीच्या रील्सच्या जमान्यातलं वेड’ असं म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. वेड असेल, पण हल्लीचं नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं इमारती चढताहेत आणि खाली गर्दी जमते आहे. चढणाऱ्याच्या हिमतीइतकाच दोन गोष्टींचा यात हात असतो: भिंत कशी आहे, आणि पैसे कोण देतं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅरी गार्डिनर नावाचा माणूस हेच काम करून पोट भरायचा. वर्तमानपत्रं त्याला ‘ह्यूमन फ्लाय’ म्हणत. त्या काळच्या इमारती चढायला सोयीच्या होत्या. दगडी बांधणी, खिडक्यांचे बाहेर आलेले उंबरे, नक्षी, दर काही मजल्यांवर कंगोरे. बोटं आणि पाय रोवायला हवी तेवढी जागा. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी गार्डिनर कॅनडात व्हँकुव्हरमधली १७ मजली ‘वर्ल्ड’ इमारत चढला, ती युद्धरोख्यांच्या, म्हणजे युद्धखर्चासाठी काढलेल्या सरकारी कर्जरोख्यांच्या, विक्रीचा प्रचार म्हणून. शहरात त्याच महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ शिरली होती. लोक तरीही दाटीवाटीनं, माना वर करून उभे राहिले.

हे सगळं किती उघडपणे जाहिरातीसाठी होतं, ते हॅरी यंगच्या मृत्यूवरून कळतं. ५ मार्च १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या मार्टिनीक हॉटेलवर तो चढत होता. विनोदी नट हॅरोल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट!’ या येऊ घातलेल्या चित्रपटाची ती प्रसिद्धी होती. चित्रपटाचा नायकही इमारत चढतो आणि घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. नायक वाचतो. यंग हजारो लोकांसमोर पडून मेला. त्यानंतर न्यूयॉर्कनं रस्त्यावर गर्दी जमवून इमारती चढण्याच्या खेळांवर बंदी घातली. चित्रपट मात्र तुफान चालला.

पुढे भिंतीच बदलल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर काच आणि पोलादाचे गुळगुळीत मनोरे आले. ना उंबरे, ना कंगोरे. नुसत्या बोटांना धरायला त्यांच्यावर काही उरलं नाही. म्हणून जॉर्ज विलिगनं वेगळी वाट काढली, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडतो तो हाच माणूस. तो न्यूयॉर्कमधल्या एका खेळण्यांच्या कंपनीत काम करायचा. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या भिंतीत खिडक्या धुण्याच्या पाळण्यासाठी उभ्या खाचा होत्या. त्या खाचेत बसेल, वजन पडलं की घट्ट रुतेल आणि वजन काढलं की वर सरकेल, अशी पकड त्यानं स्वतः बनवली आणि रात्री गुपचूप जाऊन तपासली. २६ मे १९७७ रोजी साडेतीन तासांत तो दक्षिण मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचला. त्याला अडवायला पाळण्यातून खाली सोडलेल्या पोलिसांपैकी एकानं वाटेत त्याची सही मागितली. शहरानं आधी अडीच लाख डॉलरचा दावा लावला, पण लोकांचा उत्साह पाहून महापौरांनी दंड केला १ डॉलर १० सेंट. ११० मजले, मजल्यामागे एक सेंट.

सगळ्यांच्या वाट्याला असं कौतुक आलं नाही. १९८१ मध्ये डॅन गुडविन शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर चढत असताना अग्निशमन दलानं त्याच्यावर चक्क पाण्याचे फवारे मारले.

फ्रान्सच्या ॲलेन रॉबेरनं मात्र याचा आयुष्यभराचा धंदा केला. १९८२ मध्ये दोनदा कड्यावरून पडून त्याची हाडं मोडली होती, तरी १९९४ पासून तो इमारतींकडे वळला. परवानगी बहुतेक वेळा नाहीच. क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवरवर १९९७ आणि २००७ मध्ये त्याला दोन्ही वेळा साठाव्या मजल्यावर पोलिसांनी धरलं. २००९ मध्ये एकदाचा तो टोकाला गेला. तैपेई १०१ देखील तो २५ डिसेंबर २००४ रोजी चढला होता, इमारतीच्या उद्घाटनाच्या आठवडाभर आधी, रीतसर आमंत्रणावरून. तेव्हा पाऊस होता, दोर होता आणि चार तास लागले.

हॉनोल्डनं हीच इमारत का निवडली, तेही भिंतीकडे पाहिलं की कळतं. तैपेई १०१ ही गुळगुळीत पेटी नाही. तिच्या मधल्या भागात आठ-आठ मजल्यांचे आठ खोके एकावर एक रचलेले आहेत आणि प्रत्येक खोका वर जाताना बाहेर झुकतो. असा बाहेर झुकणारा भाग, म्हणजे ओव्हरहँग, काय असतो ते सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्यांना सांगायला नको. इथे तो आठ वेळा येतो. पण प्रत्येक खोक्याच्या माथ्यावर सज्जा आहे, हात झटकून दम खायला जागा आहे, शिवाय धातूची नक्षीही आहे. गार्डिनरच्या काळातले कंगोरे नव्या रूपात परत आले म्हणा ना. तंत्राच्या हिशेबानं २०१७ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावर त्यानं विनादोर केलेली चढाई कितीतरी अवघड होती. इथे खरी कसोटी दमसासाची: तेच ते, चौसष्ट मजले.

शिवाय इथे परवानगी होती. काचेपलीकडून लोक हात हलवून फोटो काढत होते. परवानगी नसते, तेव्हा काय होतं? चीनचा वू योंगनिंग उंच इमारतींवर विनादोर लटकण्याचे व्हिडिओ टाकून प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये चांगशातल्या ६२ मजली इमारतीवरून पडून तो मेला. कॅमेरा त्यानं स्वतःच लावून ठेवला होता. त्याच्या आईनं हुआजियाओ या व्हिडिओ कंपनीवर खटला भरला. त्याच्या व्हिडिओंवर कंपनीनंही कमाई केली, त्याला प्रसिद्धीसाठी वापरलं, असा मुद्दा होता. २०१९ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयानं कंपनीला अंशतः जबाबदार धरलं आणि ३०,००० युआन भरपाई द्यायला लावली. मुख्य जबाबदारी वूचीच, असंही न्यायालयानं म्हटलं. पाहणाऱ्यांचा प्रश्न त्या खटल्यात आलाच नाही.