भगवानदादांचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला

‘अलबेला’ या हिंदी चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा यांची गोष्ट आपल्याकडे दोन ओळींत सांगून टाकतात. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात सात गाड्या, आठवड्याच्या एकेका वाराला एक. आणि शेवट दादरच्या चाळीत. मधला भाग ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरायचा, आणि तो बहुतेक वेळा ‘उधळलं असेल सगळं’ एवढंच भरतो. मला हे फार लागतं. सात गाड्यांची हौस खर्चिकच होती, त्यात वाद नाही. पण हौसेपायी कर्ज होणं वेगळं आणि आपल्याच चित्रपटासाठी घर विकणं वेगळं. दादांचं दुसरं झालं. ते का झालं हे कळायला त्या काळी चित्रपटात पैसा कसा यायचा, कुणाच्या हातात राहायचा आणि कुणाच्या हातातून आधी निसटायचा, हे पाहावं लागतं.

भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील कापडगिरणीत कामगार. मुंबईत मोठं झालेलं हे पोर स्वतःही मजुरी करत होतं आणि डोक्यात मात्र सिनेमा होता. मूकपटांच्या अगदी शेवटच्या दिवसांत लहानसहान कामं करत ते पडद्यावर आले. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. त्या धांदलीत अनेक मूकपट-नट मागे पडले, कारण उर्दूमिश्रित हिंदी संवाद जिभेवर बसेनात. दादांचं भांडवल जिभेवर नव्हतंच, ते अंगात होतं. उडी मारणं, पडणं, मारामारी करणं, धावत सुटणं या गोष्टींना भाषा लागत नाही.

म्हणून ते स्टंटपटांकडे वळले. १९३५ साली ‘हंटरवाली’ने दाखवून दिलं होतं की मारधाडीच्या चित्रपटाला हक्काचा प्रेक्षक आहे. हा प्रेक्षक म्हणजे पिटात, म्हणजे पडद्यासमोरच्या स्वस्त जागांत बसणारा गिरणी कामगार, हमाल, कारखान्यातला पोरगा. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांच्या जोडीने दादांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढची दहा-अकरा वर्षं कमी खर्चाचे असे चित्रपट एकामागून एक काढले. पासष्ट हजारांत चित्रपट पुरा करायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. कथा आपली, दिग्दर्शन आपलं, कपडे कसे शिवायचे ते आपण ठरवायचं, मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही आपणच बघायची.

पासष्ट हजारांचं हे गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. नट म्हणून मिळालेला मेहनताना ते कधी बाजूला ठेवत नव्हते, तो पुढच्या चित्रपटात जायचा. चित्रपट लहान असल्यामुळे धोकाही लहान. एखादा पडला तरी दुसरा भरून काढायचा. पैशाची जी सवय दादांना लागली ती या दशकात लागली, आणि या दशकात ती अगदी बरोबर होती.

याच काळातली एक गोष्ट मात्र पैशात मोजता येत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. स्टंटपटात हात खरा पडायचा, ती रीतच होती. हा हात जास्तच खरा पडला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा आला, उपचार तीन वर्षं चालले. तोवर त्या नायिका होत्या, निर्मात्याही होत्या. डोळा बारीक झाला तो कायमचा, आणि नायिकेची कामं संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासू अशी उभी केली की घराघरांत त्यांचं नाव म्हणीसारखं वापरलं गेलं. ‘अनाडी’तली प्रेमळ मिसेस डिसा केली, दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा केली. मोठ्या अभिनेत्री त्या आपल्या बळावर झाल्या. पण त्यांनी गमावलेली नायिकेची वर्षं दादांच्या हिशेबात धरल्याशिवाय दादांचं चरित्र पुरं होत नाही, असं मला वाटतं. त्यांचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये.

१९४२ हेच वर्ष दादांच्या निर्मितीसंस्थेचंही. जागृती पिक्चर्स तेव्हा सुरू झाली. त्याच वर्षी त्यांच्या ‘सुखी जीवन’मधून रामचंद्र नरहर चितळकर या पुणतांब्याच्या तरुणाला हिंदीत संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली. आपण ज्यांना सी. रामचंद्र म्हणतो ते हेच, जवळच्यांचे अण्णा. त्याआधी १९४१ मध्ये दादा मद्रासकडे जाऊन ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित करून आले होते, तेव्हाही संगीत अण्णांचंच होतं. दोघांची ही दोस्ती पुढे दादांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई ठरली.

दादा निर्माते झाले तेव्हा पायाखालची जमीन सरकायला लागली होती. तोवर प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स यांच्यासारख्या कंपन्यांत नट महिन्याच्या पगारावर असायचा. चित्रपट चालो न चालो, पगार ठरलेला. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आलं, चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणली गेली, आणि दुसरीकडे काळ्या बाजारात कमावलेला पैसा लपवायला जागा शोधू लागला. त्याला सिनेमा सापडला. नवे निर्माते एका चित्रपटापुरते उभे राहू लागले. त्यांच्याकडे ना स्टुडिओ, ना पगारी मंडळी. त्यांना फक्त गर्दी खेचणारं नाव हवं होतं, आणि त्यासाठी कंपनीच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त रक्कम मोजायची तयारी होती. पगारी नट स्वतंत्र झाला आणि जुन्या कंपन्या बसत गेल्या. १९५३ सालापर्यंत प्रभात बंद पडली, बॉम्बे टॉकीजचीही तीच गत झाली.

सरकारने या कारभाराची चौकशी करायला स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५१ साली आला. चित्रपट करणाऱ्याच्या हातातून लगाम गेला असून तो बड्या नटांच्या, भांडवल लावणाऱ्यांच्या, वितरकांच्या आणि थिएटरवाल्यांच्या हातात गेला आहे, हे त्या अहवालाने स्पष्ट लिहून ठेवलं.

आणि १९५१ हेच ‘अलबेला’चं वर्ष.

तोपर्यंत दादांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला होता, १९४७ साली. राज कपूरचा आर. के. स्टुडिओही पुढे चेंबूरलाच झाला. मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला राज कपूरने दिला आणि दादांनी तो मानला. गीता बाली नायिका, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, संगीत अण्णांचं, आणि निर्माता-दिग्दर्शक-नायक तिन्ही दादा. लठ्ठ म्हणावा असा, बुटका, नायकाच्या एकाही मापात न बसणारा माणूस गीता बालीसमोर नायक म्हणून उभा राहिला.

कथाही नीट पाहिली तर पैशाचीच आहे. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी त्याच्या वाटणीची रक्कम त्याला उभी करता येत नाही, भांडण होतं, तो घराबाहेर पडतो. रंगभूमीवर नाव काढतो, घरी पैसे पाठवत राहतो, आणि ते पैसे मधल्यामध्ये भलताच माणूस खातो. कमावणारा कमावत असतो आणि घरी काही पोचत नाही.

‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’ या गाण्यातला नाच मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. दादा पाय फारसे उचलतच नाहीत. गुडघे जरासे वाकवलेले, कोपरं अंगाजवळ, तळवे पुढे-मागे, आणि सगळा ताल खांद्यातून कमरेकडे उतरत जातो. पावलं एवढी छोटी की फूटभर जागेत सगळा नाच बसावा. शेजारी गीता बाली तोच ताल धरते, पण तिच्या अंगात तो लाटेसारखा येतो आणि दादांच्या अंगात ठोक्यासारखा. गणपतीच्या मिरवणुकीत दाटीवाटीने नाचणाऱ्याला हात पसरायला जागा नसते, तो असाच नाचतो. शिकवणीशिवाय कुणालाही जमेल असा तो नाच होता, म्हणून तो कुणाकुणाच्या अंगात उतरला. अमिताभ बच्चन यांच्या नाचातही तो दिसतो, हे त्यांच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे. पडद्यावर भगवान आणि गळा स्वतः चितळकरांचा, म्हणजे अण्णांचा, असा योग त्या गाण्यांत जुळला. पिटातली मंडळी गाण्यावर पडद्याकडे चिल्लर उधळायची, असं जुने लोक सांगतात.

बंगला, गाड्या हे सगळं या यशाच्या आसपासचं. पण त्या श्रीमंतीचा आकार बघा. स्टुडिओ, बंगला, मोटारी, चित्रपटांचे हक्क. यातलं काहीही बँकेत पडून व्याज देणारं नव्हतं. सगळं गहाण पडू शकणारं होतं.

आणि गहाण पडायची वेळ यायचीच, कारण बँका चित्रपटाला कर्ज देत नव्हत्या. सरकारदरबारी चित्रपट हा उद्योगच नव्हता. निर्मात्यापुढे दोन वाटा. एक, सावकाराची हुंडी, म्हणजे चिठ्ठीवर घेतलेलं कर्ज, तेही जबर व्याजाने. दुसरी, वितरकांकडून प्रदेशागणिक आगाऊ रक्कम घ्यायची आणि त्या बदल्यात चित्रपट तयार होण्याआधीच त्याची कमाई लिहून द्यायची. चित्रपट चालला तर वितरकाचा वाटा आधी वळता होणार. रखडला तर व्याज चढणार. पडला तर पुढच्या वेळी वितरक दारात उभं करणार नाही. तेव्हा निर्मात्याजवळ उरतं ते स्वतःचं घर. मराठी माणसाला ही वाट नवी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली होती आणि १९४४ साली नाशिकला ते हलाखीतच गेले.

‘अलबेला’नंतर दादांनी १९५३ मध्ये ‘झमेला’ काढला, १९५६ मध्ये ‘भागम भाग’. पहिल्यात तर गीता बालीही होती आणि अण्णांचं संगीतही. ‘अलबेला’ची जादू पुन्हा झाली नाही. सवय मात्र पासष्ट हजारांच्या काळातलीच राहिली: आलेलं सगळं पुढच्या चित्रपटात. फरक एवढाच की आता चित्रपट मोठा होता, नटनट्यांचे दर चढलेले होते, आणि एक फटका भरून काढायला दहा लहान चित्रपट हाताशी नव्हते. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले.

काम त्यांनी सोडलं नाही. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’त ते आहेत, १९५६ च्या ‘चोरी चोरी’त आहेत. पुढे भूमिका लहान होत गेल्या. दोन मिनिटांचा प्रसंग, गर्दीतला एक नाच, त्यातही तेच पाऊल, कारण दिग्दर्शकाला तेवढंच हवं असायचं. अण्णा, राजेंद्र कृष्ण आणि ओमप्रकाश एवढे जुने मित्र चाळीत भेटायला येत राहिले, बाकीच्यांची ये-जा थांबली. गणपतीच्या दिवसांत मिरवणूक चाळीपाशी थांबायची, बँडवाला ‘अलबेला’तलं ‘भोली सूरत’ धरायचा आणि दादा खाली उतरून नाचायचे, ही आठवण दादरची माणसं अजून सांगतात.

गाणी तर सगळीकडेच वाजत होती. रेडिओवर, लग्नाच्या वरातीत, वाद्यवृंदात. इथे कायद्याची बाजू कळली की पोटात तुटतं. रेडिओवर गाणं वाजलं तर त्यात नाचणाऱ्याला काही मिळायचा प्रश्नच नव्हता, त्याचं काम कानाला ऐकूच येत नाही. पडद्यावर दिसलं तरी नटाचा हक्क ठरलेल्या मेहनतान्यापाशी संपायचा. कलावंताच्या सादरीकरणाला आपल्या कॉपीराइट कायद्यात जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीत, आणि तिला बळकटी आली २०१२ मध्ये.

दादांच्या स्टंटपटांपैकी आज पाहायला जवळजवळ काहीच उरलेलं नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. आणि जुने चित्रपट जपून ठेवण्याची व्यवस्था म्हणजे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, ते १९६४ साली झालं. एका मराठी माणसाची दहा-अकरा वर्षांची मेहनत, ज्या मेहनतीतून ‘अलबेला’चं भांडवल उभं राहिलं, ती आपल्याला बघताच येत नाही, याची हळहळ मला बंगल्याच्या हळहळीपेक्षा मोठी वाटते. २०१६ साली ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईंनी दादा उभे केले, विद्या बालनने गीता बाली केली. त्यामुळे निदान नव्या पिढीच्या कानावर नाव गेलं.

चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केंद्र सरकारने १९९८ मध्ये केली. त्यानंतर दोन वर्षांनी, २००० साली, वित्तसंस्थांकडून चित्रपटासाठी रीतसर कर्ज मिळण्याचा रस्ता खुला झाला. तेव्हा भगवानदादा सत्त्याऐंशीच्या घरात होते. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.