जाळीतला कर्ण

जाळीतला कर्ण : सारख्या चौरस चौकटींत आखलेल्या आयताचा कर्ण किती चौकटींमधून जातो, हा अंकगणित आणि भूमिती यांच्या सीमेवरचा एक जुना प्रश्न. आयत अ चौकटी लांब आणि ब चौकटी उंच असेल, तर उत्तर अ + ब − मसावि(अ, ब) असे येते. मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक.

सूत्र आयते घेण्यापेक्षा चौकटींच्या वहीत शोधण्यात मजा आहे. लांबी ६ ठेवून उंची १ पासून ६ पर्यंत वाढवत नेली, की मोजणी ६, ६, ६, ८, १०, ६ अशी येते. पहिल्या तीन उत्तरांवरून ‘लांबीइतक्याच चौकटी’ असा नियम बांधावासा वाटतो; उंची ४ झाली की तो कोसळतो. ज्याने ३ × ५ (उत्तर ७) आणि ४ × ५ (उत्तर ८) तपासले, तो हमखास अ + ब − १ वर येऊन थांबतो. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. अ आणि ब सहमूळ असतील तेव्हा मसावि १ असतो, आणि तोच या ‘वजा १’च्या वेषात बसलेला असतो.

६ × ४ चा आयत नीट पाहावा. कर्ण ३ चौकटी पुढे आणि २ वर गेला, की नेमका चार चौकटींच्या सामाईक कोपऱ्यातून जातो. (पेन्सिलीला टोक हवे, बोथट असेल तर कोपऱ्याला शेजारच्या दोन चौकटीही मोजल्या जातात.) तिथपर्यंत ४ चौकटी होतात, पुढे तेच चित्र पुन्हा, म्हणून एकूण ८.

सिद्धता यातूनच निघते. कर्ण एका चौकटीत सुरू होतो आणि आतली रेषा ओलांडली की नव्या चौकटीत शिरतो. आतल्या उभ्या रेषा अ − १, आडव्या ब − १. कोपऱ्यावर मात्र दोन रेषा एकदम ओलांडल्या जातात आणि नवी चौकट एकच मिळते. असे आतले कोपरे मसावि − १ असतात. म्हणून १ + (अ − १) + (ब − १) − (मसावि − १). कोपऱ्याला नुसता स्पर्श झालेल्या चौकटीही धरायच्या असतील, तर उत्तर अ + ब + मसावि − २ होते.

आयत मोठा असला, तरी आखणी करावी लागत नाही. १०७१ × ४६२ साठी युक्लिडच्या भागाकार पद्धतीने तीन भागाकारांत मसावि २१ मिळतो आणि चौकटी १५१२.

संगणकाच्या पडद्यावर रेषा काढण्याची ब्रेसनहॅम यांची १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत याच प्रश्नाची वाटते, पण ती वेगळी आहे. रेषा उभीपेक्षा आडवी अधिक असेल, तर त्या रीतीत प्रत्येक स्तंभात एकच ठिपका रंगवतात. स्पर्शलेल्या सगळ्या चौकटी नव्हेत.

घनांनी बनलेल्या इष्टिकाचितीत हाच विचार एक पायरी पुढे जातो. तिन्ही मापांच्या बेरजेतून दोन-दोन मापांचे तीन मसावि वजा करायचे. तिन्ही पृष्ठे एकाच बिंदूत भेटतात तिथे वजाबाकी जास्त होते, म्हणून तिन्ही मापांचा मसावि परत मिळवायचा. १५० × ३२४ × ३७५ या मापांचा प्रश्न १९९६ च्या अमेरिकन इन्व्हिटेशनल मॅथेमॅटिक्स एक्झामिनेशनमध्ये आला होता : ८४९ − (६ + ३ + ७५) + ३, म्हणजे ७६८ घन.