सातारा परिसर : फाटकापलीकडच्या वस्तीची पार्श्वभूमी

सातारा गाव आणि सातारा परिसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाव म्हणजे खंडोबाच्या देवळाजवळचे जुने गावठाण. परिसर म्हणजे त्या गावाच्या शेतजमिनीवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभी राहिलेली रो-हाऊस, अपार्टमेंट आणि दोन-दोन खोल्यांची घरे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, बीड बायपास ओलांडला की हा भाग लागतो. पत्त्यात आजही गल्लीच्या नावाआधी गट नंबर येतो, कारण रस्त्यांना नावे पडण्याआधीच प्लॉट विकले गेले होते. शेजारच्या देवळाईची गोष्ट हीच, म्हणून दोन्ही नावे जोडूनच घेतली जातात. इथल्या पाण्यावरून, ड्रेनेजवरून आणि गुंठेवारीवरून सतत बोलले जाते. ते समजून घ्यायचे तर ही जमीन कोणत्या वर्षी कोणाच्या कारभाराखाली होती, तिथूनच सुरुवात करावी लागते.

आधी जमिनीची ठेवण. शहर दोन डोंगररांगांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात वसले आहे. उत्तरेला जटवाडा-हर्सूलकडचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि शहराला पाणी दिले ते उत्तरेच्या डोंगरातून, नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या पाटाने. पुढे मोगलांच्या काळात आणखी नहरी झाल्या, त्याही त्याच बाजूने. दक्षिणेच्या पायथ्याचे हे गाव विहिरींवर जगत राहिले. खाली काळा पाषाण, वर मुरुमाचा थर. पावसाचे पाणी उतारावरून ओढ्या-नाल्यांना लागते आणि निघून जाते, जमिनीत फार थोडे मुरते. बोअर घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत मोटार चालते, होळीनंतर नळीतून हवा येते.

खंडोबाचे दगडी मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या काळातले सांगितले जाते. चंपाषष्ठीला आजही इथे यात्रा भरते आणि भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या होतात. एरवी ‘मी साताऱ्याचा नाही, परिसरातला’ असे सांगणारी माणसेही त्या दिवशी गावातल्यांच्या रांगेत उभी असतात.

१९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज सुरू झाली आणि स्टेशनच्या दक्षिणेला एक रेघ ओढली गेली. रुळांच्या अलीकडे शहर, पलीकडे शेते. ही रेघ पुढची शंभर वर्षे टिकली. वस्ती वाढल्यावर शिवाजीनगरचे रेल्वे फाटक हाच अनेकांचा शहरात यायचा रस्ता झाला. फाटक पडले की दोन्ही बाजूंना रिक्षा, स्कूलबस आणि दुधाच्या मोटारसायकली दाटून उभ्या राहायच्या. ‘फाटकात अडकलो’ हे इथले शाळेत आणि ऑफिसात उशिरा पोहोचण्याचे कारण होते आणि ते खरे असायचे. भुयारी मार्गाची मागणी इथूनच उठली आणि वर्षानुवर्षे चालली.

वस्ती वाढायला कारणे दोन. एक, चिकलठाणा आणि नंतर वाळूजची औद्योगिक वसाहत. दोन, शहरात आलेली सरकारी कार्यालये, विद्यापीठ आणि ऐंशीच्या दशकात मिळालेले उच्च न्यायालयाचे खंडपीठ. बीड, जालना, परभणीकडून आलेली माणसे शहरात भाड्याने राहायची. शहराच्या आत स्वतःची जागा घेणे त्यांना परवडणारे नव्हते. १९८२ मध्ये महापालिका झाली, पण तिची हद्द साताऱ्याच्या अलीकडेच थांबली. हद्दीबाहेर जमीन स्वस्त होती. शेतकऱ्याला कोरडवाहू शेतापेक्षा प्लॉटिंगमध्ये पैसा दिसत होता आणि शिक्षकाला, कारकुनाला, कंपनीतल्या कामगाराला २० बाय ३० चा प्लॉट आवाक्यातला वाटत होता. पुष्कळ व्यवहार बॉण्डपेपरवर नोटरी करून झाले. सातबारावर नाव शेतकऱ्याचे राहिले, घरात राहायला दुसराच माणूस आला.

इथे ‘गुंठेवारी’ या शब्दापाशी थांबायला हवे, कारण त्याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. तो डावलून, बिगरशेती परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली की ती गुंठेवारी. म्हणजे मुळात हा शब्द व्यवहाराच्या बेकायदेशीरपणाचा. पण २००१ मध्ये कायदा आला तो अशी बांधकामे नियमित करण्यासाठी. १ जानेवारी २००१ पर्यंतची घरे शुल्क भरून नियमित करता येतील, असे त्याने सांगितले. तेव्हापासून ‘माझी गुंठेवारी झाली’ याचा अर्थ ‘माझे घर कायदेशीर झाले’ असा होऊ लागला. एकच शब्द रोगाचेही नाव आणि औषधाचेही. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरे त्यात घेतली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये तुकड्यांच्या दस्तनोंदणीवर निर्बंध आणणारे परिपत्रक निघाले आणि मे २०२२ मध्ये इथल्याच खंडपीठाने ते रद्द ठरवले. ज्याला मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकायचा होता त्याने या काळात रजिस्ट्री ऑफिसच्या किती चकरा मारल्या असतील, याचा हिशेब कुठल्याही फाइलीत सापडणार नाही.

याच्या जोडीला दुसरा शब्द आला, ‘झालर क्षेत्र’. शहराच्या कडेची २८ गावे एकत्र धरून त्यांचा विकास आराखडा करायचे काम शहरे वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे दिले गेले. सातारा आणि देवळाई त्यात होती. झालर कापडाला शोभेसाठी लावतात. इथे झालरीवर आधीच हजारो माणसे राहत होती आणि आराखड्यातली आरक्षणे अशा जागांवरही पडत होती जिथे कोणाची तरी भिंत उभी होती. बांधकाम परवानगी कोणाची चालणार, हाही गोंधळ तेव्हाचाच. ग्रामपंचायत घरपट्टी घेत होती, नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नोंद करत होती, कागदावर शिक्काही देत होती. माणसाला वाटले की परवानगी मिळाली. गावठाणाबाहेर तशी परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला नव्हता, हे त्याला घराचा स्लॅब टाकून झाल्यावर कळले.

मग २०१४ आले. दोन्ही गावांची मिळून सातारा-देवळाई नगर परिषद जाहीर झाली. ग्रामपंचायती गेल्या, प्रशासक बसला. वर्ष सरते न सरते तोच २०१५ मध्ये ही नगर परिषद मोडून भाग महापालिकेत घ्यायचे ठरले. रहिवाशांत सरळ दोन तट पडले. स्वतंत्र नगर परिषद हवी असणाऱ्यांचे म्हणणे असे, की आपला निधी आपल्याकडे राहील, नगरसेवक आपलेच असतील, कर आवाक्यात राहतील आणि आधीच कर्जात असलेल्या महापालिकेला शेवटच्या टोकाच्या वस्तीची आठवण येणार नाही. महापालिका हवी असणाऱ्यांचा मुद्दा एकच होता, पण वजनदार होता. नगर परिषद पाणी आणणार कुठून? तिच्याकडे ना धरण, ना तलाव, ना जलवाहिनी. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, पाणी येते ते महापालिकेच्या नळातूनच.

प्रकरण न्यायालयात गेले. त्या वर्षीची महापालिका निवडणूक ११३ वॉर्डांसाठी झाली, सातारा-देवळाईशिवाय. २०१६ मध्ये दोन वॉर्ड वाढवून तिथे वेगळे मतदान घेतले गेले आणि संख्या ११५ झाली. झालर क्षेत्रात मग २६ गावे उरली.

या निर्णयाबद्दल माझे मत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महापालिकेत जाणे कदाचित अटळ होते, पाण्याच्या मुद्द्याला उत्तर नव्हते. चुकले ते घाई करण्यात. नगर परिषदेला एकही निवडणूक मिळाली नाही. लोकांनी निवडून दिलेली माणसे येऊन विलीनीकरणाच्या अटी मागतील, ड्रेनेज आधी की कर आधी हे ठरवून घेतील, अशी संधीच आली नाही. दोन वर्षांत तीन कारभारी बदलले. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तिन्ही पावत्या एकाखाली एक आहेत, ग्रामपंचायतीची घरपट्टी, नगर परिषदेची आणि महापालिकेची. घर तेच, क्षेत्रफळ तेच, मालमत्तेचा क्रमांक मात्र प्रत्येक पावतीवर वेगळा. सगळ्यात खाली बॉण्डपेपर. त्याच्या घडीवर कागद फाटला आहे आणि तिथे चिकटपट्टी लावली आहे. गुंठेवारीच्या फाइलीसाठी वास्तुविशारदाने मागितला तेव्हा त्यांनी तो हातात न देता टेबलावर धरून ठेवला.

निवडलेले नगरसेवक मिळाले तेही चार वर्षांपुरतेच. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला.

रस्त्यांचे चित्र मात्र बदलले आहे. बीड बायपास एकेकाळी अपघातांसाठीच ओळखला जायचा. शाळेत जाणारी पोरे जीव मुठीत धरून तो ओलांडायची. आता तो रुंद झाला आहे, चौकांवर उड्डाणपूल आले आहेत. देवळाईच्या साई टेकडीवर पहाटे फिरायला शहरातून गाड्या येतात. कचनेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक लागले आहेत. साताऱ्यात तीस वर्षांपूर्वी झाले तेच तिथे पुन्हा होत आहे.

राहिले पाणी. पूर्ण भरलेल्या जायकवाडीची पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटर वर आणि परिसर डोंगराच्या पायथ्याला. धरणाचे पाणी इथवर चढवून आणावे लागते आणि परिसर वाहिनीच्या शेपटीला येतो. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. ज्यांच्या घरी महापालिकेचा नळ नाही ते मधल्या काळात टँकरवर आहेत. टँकर आला की पाइप थेट अंगणातल्या हौदात सोडतात आणि हौद भरेपर्यंत घरातले कोणीतरी झाकणापाशी उभे राहते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याला फुली असते. तिच्या शेजारच्या तारखेला पेनाने गोल केलेला असतो, तो टँकरचा.