नाशिकचे वाजंत्री: व्यसन आणि उतरती कारकीर्द

5 मे 1901 रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गवई म्हटलं की व्यसन असाच समज होता. घरंदाज मुलं गाणं शिकायला येत नसत. विद्यालयाची शिस्त कडक होती ती त्यामुळेच. पुढे विद्यालयाची मुंबईतली वास्तू कर्जात गेली आणि पलुसकर नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहू लागले. 1931 साली ते वारले. मैफलीच्या गवयाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. बँड, संबळ, ढोल आणि तमाशाच्या फडापर्यंत मात्र ती शिस्त पोचली नाही, कारण तिथे व्यसन कामाच्या पद्धतीतच मुरलेलं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. वरातीत तासन्‌तास उभं राहायचं, जेवण सगळ्यात शेवटी. भूक आणि झोप मारायला तंबाखू-चुना, सुपारी, मावा. हळदीच्या रात्री यजमानच बाटली पुढे करतो आणि ठरलेल्या पैशात तेवढीच कसर काढतो. ही प्रथा सगळ्यात घातक.

ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवाल्याचा घात सुपारी करते. गालाच्या आतली कातडी आधी झोंबते, तिखट सहन होत नाही, मग पांढुरकी पडून दोरीसारखे पट्टे धरते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं जातात. इथे दोन, पुढे एकच. गाल ताठरले की ओठांची पकड सुटते, वरचे सूर फाटतात आणि वाजवणारा मुख्य चालीवरून साथीच्या सुरावर, तिथून झांजेवर येतो. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा अनेकांनी गुटखा सोडला, पण सुपारी चालूच ठेवली. हा आजार मुख्यतः सुपारीचाच, तंबाखूचा नव्हे. गेलेली लवचीकता जवळपास परत येत नाही. सुपारी थांबवली तर वाढ रोखता येते, आणि कर्करोगाचा धोका असल्याने तोंड नियमित तपासून घ्यावंच लागतं.

दारू हातावर येते. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत कंप सुटतो, म्हणून वादक कार्यक्रमाआधी थोडी घेऊन हात स्थिर करतो आणि तिथेच अडकतो. वर्षानुवर्षांच्या पिण्याने नसा झिजतात. आधी तळपाय बधिर होतात, नंतर बोटं. तबलजीच्या तर्जनीला चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या कातडी पट्टीची, कड नीट कळेनाशी होते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडू नये. पहिल्या 48 तासांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

विडी-सिगारेटने स्वरतंतू सुजतात. पेटीच्या काळी दोन पट्टीत गाणारा काळी एकवर, मग पांढरी एकवर, म्हणजे खालच्या सुरात उतरतो आणि तार षड्ज (वरचा सा) टाळू लागतो.

हंगाम सुटला की मिळकत थांबते. वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना 1954-55 पासून आहे. वयाची अट 50, सध्या महिना 5,000 रुपये. अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात, आणि बँडवाला इथेच अडतो: पत्रिकेवर, फलकावर नाव असतं ते मालकाच्या बँडचं. म्हणून हात चालतात तोवरच कार्यक्रमांचे फोटो, सुपारीच्या (ठरलेल्या कामाच्या) पावत्या आणि मालकाचं सही-शिक्क्याचं पत्र जमवून ठेवावं.