पाडलेल्या शाळेचे वाचक

ब्रसेल्सच्या राजवाड्याजवळ, रू रोयाल या रस्त्यावर जनरल बेलियार यांचा पुतळा आहे. त्याच्या मागून दगडी पायऱ्या खाली उतरतात. आज त्या उतरलं की आपण बोझार या कलाभवनाच्या बाजूला पोचतो. १८४२ साली इथल्याच पायऱ्या रू दिझाबेल नावाच्या गल्लीत उतरत. गल्ली इतकी खोलात होती की वर उभं राहणाऱ्याला घरांची धुराडी पायाखाली दिसत. या गल्लीत मादाम एजे यांची मुलींची निवासी शाळा होती आणि पुढे इंग्रजीतल्या नामवंत कादंबरीकार झालेल्या शार्लट व एमिली ब्रॉन्टे या बहिणी तिथं शिकायला आल्या होत्या. आता ना ती गल्ली राहिली, ना ती शाळा. तरी ब्रसेल्स ब्रॉन्टे ग्रुप हे वाचकांचं मंडळ गेली कित्येक वर्षं लोकांना या पायऱ्यांवर घेऊन येतं आणि खाली बोट दाखवून सांगतं, इथं होती ती शाळा.

आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. केलेल्यांना ब्रॉन्टे म्हटलं की हॉवर्थ हे त्यांचं इंग्लंडमधलं गाव आठवतं. यॉर्कशायरचा उघडा माळ, घोंघावणारा वारा, स्मशानाला लागून असलेलं धर्मगुरूचं घर. ब्रॉन्टे सोसायटीची स्थापना १८९३ मध्ये झाली. दोन वर्षांत तिनं हॉवर्थमध्ये एका बँकेच्या वरच्या मजल्यावर छोटं संग्रहालय उघडलं आणि १९२८ मध्ये ते राहतं घरही सोसायटीकडे आलं. टेबलं, कपडे, बोटभर आकाराच्या हस्तलिखित वह्या, सगळं तिथं जपलेलं आहे. ब्रसेल्सकडे यातलं काहीच नाही. म्हणूनच ब्रसेल्सच्या मंडळाची गोष्ट मला जास्त ओढून घेते.

बहिणी तिकडे गेल्या त्या लेखिका व्हायला नव्हे. त्यांना घरीच शाळा काढायची होती आणि फ्रेंच-जर्मन येत असल्याशिवाय विद्यार्थिनी मिळणार नव्हत्या. पैसे मावशीनं, एलिझाबेथ ब्रॅनवेल यांनी दिले. फेब्रुवारी १८४२ मध्ये वडील पॅट्रिक ब्रॉन्टे स्वतः सोडायला आले. या प्रवासासाठी त्यांनी फ्रेंच वाक्यांची एक छोटी वही हातानं तयार केली होती. मुलींना पोचवून ते वॉटर्लूचं रणांगण बघून परत गेले. शार्लट तेव्हा २५ वर्षांची होती आणि एमिली २३ची, वर्गातल्या बाकी मुलींपेक्षा कितीतरी मोठ्या.

मादाम एजे यांचे पती कॉन्स्तांतँ एजे शेजारच्या मुलांच्या शाळेत शिकवत आणि इथं साहित्याचे तास घेत. फ्रेंच लेखकांचा उतारा वाचून दाखवायचा, त्याची बांधणी उलगडायची आणि मग त्या धर्तीवर निबंध लिहायला लावायचा, ही त्यांची रीत. एमिलीनं तोंडावर सांगितलं की अशानं स्वतःचं असं काही उरणार नाही. शार्लटनं मात्र निमूटपणे लिहिलं. तिच्या निबंधांच्या समासांत एजे यांचे शेरे आजही वाचता येतात: अर्थ स्पष्ट करत नाही, परिणाम वाढवत नाही, ते निर्दयपणे कापा. घरी वर्षानुवर्षं भावंडांबरोबर कल्पनेतल्या राज्यांच्या कथा लिहिणाऱ्या मुलीच्या वाक्यावर पहिल्यांदाच कोणीतरी लाल रेघ ओढत होतं. शार्लटच्या ‘जेन एअर’ कादंबरीची वाक्यं कमावली गेली ती इथं, असं माझं ठाम मत आहे. हॉवर्थच्या माळानं लेखिका दिली हे खरं, पण तिचा हात बसला तो ब्रसेल्समध्ये.

ऑक्टोबर १८४२ मध्ये मावशी वारली आणि दोघी परतल्या. एमिली पुन्हा गेली नाही. शार्लट जानेवारी १८४३ मध्ये एकटी गेली, वर्षाला १६ पौंड पगारावर शिक्षिका म्हणून. ते वर्ष वाईट गेलं. सुट्टीत शाळा रिकामी होई, परक्या शहरात बोलायला माणूस नसे. १ सप्टेंबरला ही कट्टर प्रोटेस्टंट घरातली मुलगी सँ गुदुलच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन कबुलीजबाबाच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसली. एमिलीला तिनं हे कळवलं आणि बजावलं, बाबांना सांगू नकोस. दहा वर्षांनी हाच प्रसंग तिच्या ‘व्हिलेट’ कादंबरीत आला. १८४४च्या पहिल्याच दिवशी तिनं ब्रसेल्स सोडलं.

त्यानंतर ती एजे यांना पत्रं लिहीत राहिली. त्यातली चार उरली आहेत, शेवटचं १८ नोव्हेंबर १८४५ चं. उत्तराची वाट बघून थकलेल्या माणसाची ती पत्रं आहेत. त्यातली तीन एजे यांनी फाडून टाकली. मादामनी तुकडे उचलून जुळवले आणि शिवून, चिकटवून ठेवले. एका पत्राच्या कडेला एजे यांनी कुठल्याशा चांभाराचा पत्ता टिपलेला आहे. एकीनं जीव ओतून लिहिलेला तो कागद दुसऱ्याला हाताशी असलेला कोरा समास होता, ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी तिथं थांबतो. १८५६ मध्ये शार्लटच्या चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल ब्रसेल्सला आल्या, तेव्हा मादामनी त्यांना भेटायला साफ नकार दिला. एजे यांच्याकडून गॅस्केलना पत्रांविषयी कळलं, पण पुढच्या वर्षी आलेल्या चरित्रात त्यांनी ती बाजू झाकूनच ठेवली. अखेर १९१३ मध्ये एजे यांच्या मुलांनी पत्रं ब्रिटिश म्युझियमला दिली, ‘द टाइम्स’नं ती छापली आणि वाचकांचं लक्ष पुन्हा ब्रसेल्सकडे वळलं.

पण तोवर बघण्यासारखं उरलं नव्हतं. ‘व्हिलेट’ हातात घेऊन एकोणिसाव्या शतकातच इंग्रज आणि अमेरिकन वाचक त्या शाळेचं दार ठोठावत असत. त्यांना बाग बघायची असे, कादंबरीतलं नासपतीचं झाड आणि मुलांच्या शाळेच्या खिडकीसमोर असल्यानं मुलींना बंदी असलेली ती पायवाट. १९१०च्या सुमारास शहराच्या पुनर्रचनेत हा भाग पाडला गेला. पुढे तिथंच वास्तुकार व्हिक्टर ओर्ता यांनी आजचं कलाभवन बांधलं. १९७९ मध्ये ब्रॉन्टे सोसायटीनं त्याच्या भिंतीवर एक फलक लावला. जवळपास तीन दशकं ब्रसेल्सकडे ब्रॉन्टेंची खूण म्हणून मुख्यतः तोच होता.

ब्रसेल्सनं उदासीन राहावं याला कारणही होतं. शार्लटनं कादंबरीत बेल्जियमला नाव दिलं लाबासकूर, म्हणजे कोंबड्या-बदकांचं अंगण. राजधानी ती व्हिलेट, छोटंसं गाव. बेल्जियन मुलींविषयी आणि कॅथलिक धर्माविषयी तिनं लिहिलेलं आज वाचतानाही बोचतं. अशा लेखिकेची आठवण तिथल्या माणसांनी का जपावी?

ती जपायला २००६ मध्ये तिथले वाचकच पुढे आले. अनुवादक आणि लेखिका हेलन मॅकइवन या संस्थापकांपैकी एक. ब्रसेल्स हे नोकरीसाठी आलेल्या परदेशी माणसांचं शहर, त्यामुळे मंडळात ब्रिटिश आहेत तसे बेल्जियन, डच आणि इतरही आहेत. व्याख्यानं, वाचनगट आणि पायी फेऱ्या असं कामाचं स्वरूप. फेरीत जुने नकाशे काढून दाखवले जातात: बागेची भिंत इथपर्यंत होती, शाळेचं दार त्या बाजूला. कूडेनबर्ग राजवाड्याच्या भुयारी अवशेषांत तर रू दिझाबेलच्या जुन्या फरसबंदीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे आणि त्यावरून चालता येतं.

मंडळाच्या वर्तुळातल्याच ब्रायन ब्रॅकन या अभिलेखपालांना शार्लटचा हरवलेला एक निबंध बेल्जियममधल्या मारीमाँ संग्रहालयात सापडला. २०१२ मध्ये तो छापून आला. तारीख १६ मार्च १८४२, म्हणजे ब्रसेल्सला येऊन जेमतेम महिना झालेला. गोष्ट आहे एका उंदराच्या पिल्लाची. काळजी घेणाऱ्या बापाला सोडून ते जग बघायला बाहेर पडतं आणि जिवाला मुकतं. वडील शाळेच्या दारात सोडून गेल्यावर महिन्याभरात तिनं हे लिहिलं.

शहराच्या वायव्येला कूकलबर्ग नावाचा भाग आहे. बहिणींच्या मैत्रिणी मेरी आणि मार्था टेलर तिथल्या शाळेत होत्या. मार्था १८४२च्या ऑक्टोबरमध्ये तिथंच वारली, तिचं दफन ब्रसेल्सच्या मातीत झालं. त्याच कूकलबर्गमधल्या एका चौकाला आता ब्रॉन्टे भगिनींचं नाव आहे, फ्रेंचमध्ये आणि डचमध्ये.