पिट्सबर्गची स्वस्ताई कुठून आली?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना आधी गेलेले सीनियर सांगतात, की इथलं भाडं बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने बरंच परवडतं. खरं आहे. पण ही स्वस्ताई कुणी ठरवून आणलेली नाही. माणसं निघून गेली आणि घरं मागे उरली, त्यातून ती आली.

१९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती, २०२० च्या जनगणनेत ३,०२,९७१. बरीच कुटुंबं आधीच उपनगरांत गेली होती. वर्मी घाव बसला तो १९८० च्या दशकात. मोनोंगहेला नदीकाठचे पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ मध्ये गेला. तरुण कामाच्या शोधात बाहेर पडले, म्हातारे राहिले. टेकड्यांच्या उतारावरची ती विटांची, तळघरवाली घरं मात्र होती तेवढीच. घ्यायला माणूसच नाही, तर किंमत चढणार कशी?

पण माणसं निम्मी झाली म्हणून पूल, जलवाहिन्या आणि निवृत्तांची पेन्शनं निम्मी होत नाहीत. २००३ च्या अखेरीस राज्याने शहराला अधिकृतपणे आर्थिक संकटग्रस्त ठरवलं. तो शिक्का पुसायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात, शहरात नोकरी करणाऱ्याकडून वर्षाला घेतला जाणारा १० डॉलरचा कर ५२ डॉलरवर गेला. शहरात राहणाऱ्याच्या पगारातून आजही शहराचा आणि सरकारी शाळांचा कर मिळून ३ टक्के कापले जातात, राज्याचे ३.०७ टक्के निराळे. सीनियर हे सांगायला विसरतात. पोलादाची जागा घेणारी विद्यापीठं आणि यूपीएमसी या मोठ्या वैद्यकीय संस्थेची रुग्णालयं ना-नफा संस्था, त्यामुळे त्यांच्या बऱ्याचशा इमारतींना मालमत्ता कर नाही. तो बोजा घरमालकांवर. बरं इतकंच, की किराणा आणि कपड्यांवर विक्रीकर लागत नाही.

२०१० च्या सुमारास गूगल इथल्या एका जुन्या बिस्किट कारखान्यात आलं आणि आसपासच्या ईस्ट लिबर्टी या वस्तीचा भाव वधारला. २०१५ मध्ये तिथल्या पेन प्लाझा या स्वस्त भाड्याच्या संकुलातल्या दोनशेहून अधिक रहिवाशांना घरं रिकामी करायच्या नोटिसा मिळाल्या. इमारती पाडल्या गेल्या. आता त्या जागेवर होल फूड्स या महागड्या किराणा साखळीचं दुकान आहे.